पाणी यायच्या आधी दार उघडा

इचलकरंजीकर बंधू-भगिनींनो,

रोहिणी नक्षत्र सरत आलं आहे, मृग उंबऱ्यावर आहे. या आठवड्यात गावात जो तो आपापल्या तयारीला लागलेला असतो. कुणी शेडच्या पत्र्याची भोकं डांबराने बुजवतो, कुणी ओल लागू नये म्हणून सुताची पोती फळ्यांवर रचतो, कुणी गटारीतला गाळ काढा म्हणत महापालिकेत हेलपाटे घालतो. आणि नदीवेस, शेळके मळा, जुना चंदूर रोड, टाकवडे वेस या भागातली माणसं काही न बोलता एक पिशवी वरच्या फळीवर ठेवतात. तिच्यात रेशनकार्ड, आधार, पोरांचे दाखले आणि बँकेचं पासबुक असतं. एकदा घरात पाणी शिरलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

ती पिशवी म्हणजे एकेका घराने एकट्याने केलेली तयारी आहे. मी आज तुमच्याकडे सगळ्या गावाची तयारी मागायला आलो आहे.

मागणं थोडक्यात सांगतो. येत्या आषाढी एकादशीच्या आत शहरातल्या प्रत्येक देवळाने, मशिदीने, जैन मंदिराने, मठाने, विहाराने, चर्चने आणि प्रत्येक तालीम-मंडळाने तीन गोष्टी ठरवून लिहून ठेवाव्यात. पुरात किंवा कुठल्याही संकटात आपलं दार कधी उघडणार आणि किल्ली कुणाकडे असणार, ही पहिली. आपल्या गल्लीत अशी कोण माणसं आहेत ज्यांना उचलून न्यावं लागेल, ही दुसरी. यंदाच्या उत्सवाच्या वर्गणीतला किती वाटा या कामासाठी आजच बाजूला काढणार, ही तिसरी. दार, यादी आणि वाटा. पुढे जे लिहिलं आहे ते मुख्यतः या तीन शब्दांसाठी आहे.

घाई कशासाठी

पंचगंगा आपल्याला नवी नाही. पण गेल्या वीस वर्षांत तिचं येणं बदललं आहे. २००५ चा पूर आला तेव्हा जुनी माणसं म्हणाली, असा पूर पुन्हा बघायला मिळायचा नाही. चौदा वर्षांनी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, त्याहून मोठा आला. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट धरतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्यानंतर मात्र चौदा वर्षं थांबावं लागलं नाही. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैमध्ये, पाणी पुन्हा ५५ फुटांवर होतं. २०२४ च्या जुलैतही नदीने धोक्याची खूण ओलांडली. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला. दूध, पेट्रोल, औषधं यांचा तुटवडा झाला. म्हणजे बाहेरची मदत सगळ्यात जास्त हवी असते त्याच दिवसांत ती येण्याची वाट बंद होते. पहिले तीन-चार दिवस आपल्याला आपल्याच बळावर काढायचे आहेत, असं धरून चालणं शहाणपणाचं.

ब्रह्मनाळ आठवा. पलूस तालुक्यातल्या त्या गावी ८ ऑगस्ट २०१९ ला पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटली आणि सतरा जण बुडाले. पुढची नाव कधी येईल हे ज्यांना ठाऊक नसतं ती माणसं मिळेल त्या नावेत दाटीने बसतात. कुणाला आधी न्यायचं, कुणी थांबायचं, थांबणाऱ्याला कुणी सोबत करायची, हे पाणी गळ्याशी आल्यावर ठरवता येत नाही. ते कोरड्या जमिनीवर बसून ठरवायचं असतं.

आणि संकट एवढं एकच नाही. आपलं गाव मागावर जगतं. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या धंद्याला पाठबळ दिलं. त्या एका मागाचे आज लाखाहून अधिक झाले. पण नोटाबंदी, टाळेबंदी आणि सततची मंदी यांत किती छोट्या यंत्रमागधारकांनी आपले माग भंगाराच्या भावाने विकले, हे आपल्याला माहीत आहे. मागावरच्या कामगाराची मजुरी विणलेल्या कापडावर असते. माग थांबला की त्याची चूल थांबते. पुराचं पाणी आठ दिवसांत उतरतं; खाडा झालेल्या पगाराचं कर्ज दिवाळीपर्यंत उतरत नाही.

आपल्याच गावात घडलेली गोष्ट

हे सगळं सरकारचं काम आहे, असं कुणी म्हणेल. सरकारचं आहेच, आणि ते मागून घेतलंच पाहिजे. धरणाचा विसर्ग, पूररेषेतली बांधकामं, नुकसानभरपाई यांबद्दल जाब विचारणं सोडू नका. पण सरकारी यंत्रणा आणि माणसाचं दार यांच्यामध्ये एक गल्ली असते. त्या गल्लीत काय करता येतं, हे या गावाने एकदा दाखवून दिलं आहे.

२०२० चा रमजान आठवा. करोनाची टाळेबंदी होती, माग बंद होते, बाहेरून आलेले कामगार गावी कसं जायचं या विवंचनेत होते. मशिदीत जमून नमाज नव्हती, इफ्तार नव्हता, ईदची खरेदी नव्हती. अशा वेळी इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने ठरवलं की ईदला खर्च व्हायचा तो पैसा आणि जकातीचा पैसा दवाखान्यासाठी द्यायचा. ३६ लाख रुपये उभे राहिले. त्यातून आपल्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात, ज्याला आपण सगळे आयजीएम म्हणतो, दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा झाला. २५ मे २०२० ला, ऐन ईदच्या दिवशी, तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मुंबईहून दृकश्राव्य माध्यमातून त्याचं लोकार्पण केलं आणि सण कसा साजरा करावा हे या समाजाने दाखवलं, अशा अर्थाचे शब्द काढले.

या गोष्टीतली एक बाब मला फार मोलाची वाटते. जकात हे कर्तव्य आहे. वर्षभराच्या शिलकीचा चाळिसावा हिस्सा काढायचा, हा तिचा नियम. तो नियम काही नवा केला गेला नाही. नवा होता तो एक प्रश्न: या वर्षी आपल्या गावात सगळ्यात मोठी गरज कोणती? उत्तर आलं, श्वास. मग पैसा श्वासाकडे वळला. आणि खाटेवर येणाऱ्याला त्याचा देव कोणता हे कुणी विचारणार नव्हतं, हे देणाऱ्यांना ठाऊक होतं.

जो नियम तिथे आहे तोच आपल्या प्रत्येकाच्या घरात वेगळ्या नावाने आहे. बसवण्णांच्या वाटेने चालणारे त्याला दासोह म्हणतात: कष्टाने मिळवायचं आणि समाजाला वाटून उरेल ते आपलं मानायचं. जैन घरात आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दानं सांगतात. यातलं अभयदान, म्हणजे भ्यालेल्याला भीतीतून सोडवणं, पुराच्या रात्री फार खरं होतं. वारकऱ्याकडे भूतदया आहे आणि पंगतीत शेजारी कोण बसला हे न बघण्याची शिकवण आहे. बुद्धाचं नाव घेणाऱ्याकडे मैत्री आणि करुणा आहेत, ख्रिस्ताच्या लेकरांकडे शेजाऱ्यावरचं प्रेम आहे, गुरुद्वारात लंगर आहे. शिकवण कुणाला उसनी आणायची नाही. यंदा गावाची गरज कोणती, एवढा प्रश्न प्रत्येक विश्वस्त मंडळाने आपल्या बैठकीत विचारायचा आहे.

शेजारधर्मही आपल्याला नवा नाही. आपल्यापासून हाकेच्या अंतरावर कुरुंदवाडला पाच मशिदींत गणपती बसतो. ही प्रथा कुठल्या परिपत्रकाने आली नाही. दोन्हीकडच्या जाणत्या माणसांनी समजुतीने घेतलं आणि पुढच्यांनी ते जपलं.

करुणा तपशिलात असते

दया प्रत्येकाला येते. पाण्यात अडकलेलं लेकरू बघून कुणाचं काळीज हलत नाही? पण हललेलं काळीज आणि पुढाकार यांत अंतर आहे. पुढाकार घेणाऱ्याची करुणा बारीकसारीक गोष्टींपर्यंत उतरते. आपल्याच मातीतली उदाहरणं घ्या.

शाहू महाराजांच्या हाती राज्यकारभार १८९४ मध्ये आला तेव्हा त्यांना विशीही पूर्ण झाली नव्हती. दोनच वर्षांत, १८९६-९७ मध्ये, दुष्काळ पडला. बावीस वर्षांच्या राजाने काय केलं? स्वस्त धान्याची दुकानं उघडली. हाताला काम मिळावं म्हणून दुष्काळी कामं काढली. जनावरं जगावीत म्हणून जंगलातली वैरण खुली केली. आणि दगड फोडायला येणाऱ्या बायांची तान्ही लेकरं उन्हात पडू नयेत म्हणून कामाच्या ठिकाणी ती सांभाळण्याची सोय केली. ही शेवटची गोष्ट मनात धरा. काम काढलं म्हणजे राजाचं कर्तव्य संपलं असतं. पण ती बाई काम करताना तिचं मूल कुठे असेल, हा प्रश्न ज्याला पडला, त्याची दया खरी. दुष्काळामागून प्लेग आला, आणि त्यातही हा राजा रयतेतच होता. पुढे त्यांनी मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशा एकेका समाजाच्या पोरांसाठी कोल्हापुरात वसतिगृहं उभी राहतील असं पाहिलं. कुणाचंही पोर उपाशी आणि अडाणी राहता कामा नये, ही त्यांची पूजा होती.

दुसरं उदाहरण आपल्या हातकणंगले तालुक्यातलं. कुंभोजच्या जैन घरात २२ सप्टेंबर १८८७ ला भाऊराव पाटील जन्मले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एका चुलीवर शिजलेलं अन्न एका पंगतीत जेवत. त्या बोर्डिंगमधला धान्याचा डबा रिकामा झाला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. आपण भाऊरावांना कर्मवीर म्हणतो. त्या कर्मवीरपणाची पहिली वर्गणी त्यांच्याच घरातून, आणि तीही न बोलता दिली गेली होती.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनात लहानपणापासून ऐकतो. दुष्काळात बादशहाचं कोठार त्यांनी भुकेल्यांसाठी खुलं केलं. कथेत पुढे विठ्ठल महाराचं रूप घेऊन येतो आणि धान्याचे पैसे भरतो. कीर्तन ऐकताना आपले डोळे त्या चमत्काराने भरून येतात. पण चमत्कार नंतरचा आहे. आधी एका माणसाने, आपल्या मानेवर तलवार आहे हे ठाऊक असताना, कुलूप काढलं.

आज आपल्यापैकी कुणाच्या मानेवर तलवार नाही. आपल्याकडे सभागृहं आहेत, मंगल कार्यालयं आहेत, शाळांचे पहिले-दुसरे मजले आहेत, कुलूपबंद भक्तनिवास आहेत. किल्ल्या आपल्याच खिशात आहेत.

काय करायचं

आता कामाचं बोलतो. हे सगळं दोन रविवारांत होण्यासारखं आहे.

पहिलं, दार. आपली वास्तू पुराच्या पाण्याच्या वर असेल तर तसं महापालिकेला लेखी कळवा आणि दारावर फलक लावा. किल्ली दोघांकडे ठेवा. एकजण गावाला गेला तरी दार उघडलं पाहिजे. बायकांसाठी वेगळी खोली आणि स्वच्छतागृह, पिण्याच्या पाण्याची टाकी, वीज गेल्यावरचा उजेड, हे आताच बघून घ्या. तान्ह्या मुलाच्या आईला आडोसा हवा, म्हाताऱ्याला खाली बसता येत नाही म्हणून खुर्ची हवी, पाळीच्या दिवसांत लागणारे पॅड हवेत. हे सगळं पाण्याच्या आदल्या रात्री सुचत नाही. जनावरं घेऊन येणाऱ्यांना कुठे पाठवायचं तेही ठरवा. गाईला सोडून माणूस घर सोडत नाही.

दुसरं, यादी. प्रत्येक मंडळातल्या चार पोरा-पोरींनी आपल्या गल्लीत घरोघर जावं. अंथरुणावर खिळलेलं कोण आहे, दिवस भरत आलेली बाई कोण, डायलिसिसवर कोण, इन्सुलिन घेणारं कोण, एकटं राहणारं म्हातारं माणूस कोण, हे वहीत लिहावं. त्यांना कोण उचलणार आणि कशातून नेणार हेही नावासमोर लिहावं. वही दोन ठिकाणी असावी आणि एक प्लॅस्टिकच्या पिशवीत. घरातल्यांना विचारून, विश्वासात घेऊन लिहा. कुणाच्या आजाराची गावभर चर्चा होता कामा नये.

या यादीत एक नाव हमखास सुटतं. ते असतं मागाच्या शेडमध्ये झोपणाऱ्या परगावच्या कामगाराचं. तो उत्तर प्रदेशचा असतो, बिहारचा असतो, ओडिशाचा असतो. त्याचं रेशनकार्ड इथलं नाही, मत इथलं नाही, त्यामुळे तो कुठल्याच यादीत नाही. पण त्याने विणलेल्या कापडावर हे गाव चालतं. ताण्यातला एक तार तुटला आणि मागवाल्याचं लक्ष नसलं, तर कापडाला दोष पडत जातो, आणि तो कळतो तेव्हा कापड घडीवाल्याच्या टेबलावर आलेलं असतं. चांगला मागवाला तार तुटताच माग थांबवतो, गाठ मारतो आणि मगच पुढे जातो. हे कौशल्य आपल्या गावाइतकं कुणाला येत नसेल. तेच गल्लीत वापरायचं आहे.

तिसरं, वाटा. माझं सुचवणं असं की यंदा उत्सवाला जेवढी वर्गणी गोळा होईल तिचा दहावा हिस्सा संकटनिधी म्हणून बाजूला काढावा. ज्यांना जास्त जमेल त्यांनी जास्त काढावा. देवाची आरती, नैवेद्य, मिरवणूक यांतलं काही कमी करा असं मी म्हणत नाही. खर्च कशात कमी करायचा हे तुम्ही ठरवा. निधी तिघांच्या सहीने बँकेत ठेवा आणि हिशेब दर महिन्याला फलकावर लावा. लोक पैसा द्यायला कधी मागे राहत नाहीत. हिशेब दिसला नाही की मागे राहतात. एका भागातल्या देवळाने, मशिदीने आणि जैन मंदिराने मिळून एकच निधी आणि एकच स्वयंपाकघर केलं तर फार उत्तम. धान्य तेच, भांडी तीच, हात जास्त.

चौथं मागणं यंत्रमागधारकांकडे, सायझिंगवाल्यांकडे, सूत आणि कापडाच्या व्यापाऱ्यांकडे आहे. तुमचीही ओढाताण मला ठाऊक आहे. तरी पुरात किंवा मंदीत माग बंद राहतील त्या आठवड्यांत आपल्या कामगाराला निदान धान्यापुरती उचल द्या, आणि ती पुढे सवडीने, थोडी थोडी करून वळती करा. घरमालकांनी पाण्यातल्या महिन्याच्या भाड्याचा तगादा लावू नये. आपला धंदा शब्दावर चालतो; सूत शब्दावर येतं, कापड शब्दावर जातं. तोच शब्द कांडीवालीसाठी आणि जॉबरसाठीही असू द्या.

पाचवं, पाणी उतरल्यानंतरचं. पूर जातो आणि आजार येतात. २०१२ च्या उन्हाळ्यात दूषित पाण्याने या गावात काविळीची साथ पसरली होती. हजारो माणसं आजारी पडली, काही गेली. तेव्हा पूरही आला नव्हता. पाणी उतरल्यावर पहिला महिना प्रत्येक श्रद्धास्थानाच्या भोंग्यावरून रोज एकच गोष्ट सांगितली जावी: पाणी उकळून प्या. चिखल काढायला जाणाऱ्या पोरांना गमबूट आणि हातमोजे द्या. उघड्या पायाने चिखलात उतरल्याने लेप्टोचा ताप येतो. ताप आला की घरी अंगावर काढू नका, आयजीएम गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८, तातडीच्या मदतीसाठी ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७, हे आकडे फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा.

आणि त्याखाली १४४१६ हाही आकडा लिहा. तो मन खचलेल्या माणसासाठीचा, सरकारी टेलिमानसचा आहे. कर्जाने, धंदा बसल्याने, घर वाहून गेल्याने माणूस आतून तुटतो आणि बाहेर काही दिसू देत नाही. मौलाना, भटजी, स्वामीजी, पाद्री यांच्याकडे तो कधीतरी येतो, कारण बाकी कुठे जायची त्याला लाज वाटते. त्याला उपदेश करू नका. चहा द्या, शेजारी बसा, बोलू द्या, आणि एकटं परत पाठवू नका.

पुढाऱ्यांना एक विनंती

मी ज्यांना पुढारी म्हणतो त्यांत निवडून आलेले आहेत, तसे मशिदीचे जमातप्रमुख, देवळाचे पुजारी, जैन समाजाचे पंच, तालमीचे वस्ताद, बचत गटाच्या अध्यक्षा, गल्लीतल्या जाणत्या आजी, हे सगळे आहेत. संकटात लोक तुमच्या तोंडाकडे बघतात. म्हणून तीन गोष्टी सांभाळा.

मदतीच्या पाकिटावर आपलं नाव आणि फोटो छापू नका. घेणाऱ्याचा फोटो तर मुळीच काढू नका. काल जो आपल्या मागावर सूत चढवत होता त्याला आज पाव किलो डाळीसाठी कॅमेऱ्यासमोर उभं करणं, हे त्याच्या दुःखात भर घालणं आहे.

अफवा तुमच्या दारात मेली पाहिजे. जून २०२३ मध्ये मोबाईलवरच्या एका मजकुरावरून कोल्हापूर शहरात दगड उचलले गेले, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. शाहूंच्या गावात हे झालं तर आपल्या गावात होणार नाही, असं समजून स्वस्थ बसू नका. अडचणीच्या दिवसांत माणसं आधीच चिडलेली असतात. कुणी येऊन म्हणालं की अमक्या वस्तीला मदत मिळाली आणि आपल्याला नाही, तर त्याला तिथेच बसवा, समोरच्या वस्तीतल्या जबाबदार माणसाला फोन लावा, आणि खरं काय ते त्याच्यासमोरच विचारा. यासाठी एकमेकांचे नंबर आज घेऊन ठेवावे लागतात.

आणि तिसरं, आपली पाळी शेवटी लावा. पुढारी नावेत शेवटी बसतो, पंगतीत शेवटी जेवतो आणि वर्गणीच्या वहीत मात्र पहिली ओळ त्याची असते. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले घरात बसून लोकांना धीर देऊ शकल्या असत्या. त्यांनी मुंढव्याच्या दलित वस्तीतल्या आजारी पोराला पाठीवर घेतलं आणि मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात आणलं. त्याच आजाराने १० मार्चला त्या गेल्या. एवढं मोल प्रत्येकाने द्यावं असं कुणी मागत नाही. पण आपण मागतो आहोत त्या पुढाकाराची उंची किती आहे, हे माहीत असावं.

शेवटी एक कबुली देतो. २०१९ च्या पुरात आमच्या मागच्या बोळात एक म्हातारी बाई पलंगावर बसून दीड दिवस होती. पाणी पायापर्यंत आलं होतं. तिला कुणीतरी नेलं असेल, असं प्रत्येकाला वाटत होतं, मलाही वाटलं. नेलं शेवटी, ती वाचली. पण तिने विचारलेला प्रश्न मी विसरलेलो नाही. ती म्हणाली, "बाळा, मी हितं हाय ते तुमास्नी ठावं नव्हतं व्हय?" ठाऊक होतं. लिहिलेलं नव्हतं, ठरवलेलं नव्हतं.

म्हणून ही विनंती. या रविवारी आपल्या देवळाची, मशिदीची, मंडळाची बैठक बोलवा. वही घ्या. पहिल्या पानावर किल्ली कुणाकडे ते लिहा, दुसऱ्या पानापासून गल्लीतली नावं लिहा, शेवटच्या पानावर निधीचा आकडा लिहा. मग शेजारच्या गल्लीत, विशेषतः जिथे आपल्याहून वेगळ्या देवाचं नाव घेतात त्या गल्लीत जा आणि दोन्ही वह्या एकमेकांना दाखवा. आषाढी एकादशीला अजून वेळ आहे. पंचगंगा चढायला लागली की तो राहणार नाही.

आपला,
नदीकाठचा एक इचलकरंजीकर